काजळीचा डावा पाय

१८ जून २०२५
मोतद्दार मामा सकाळी माझ्या घोडीला, काजळीला, तबेल्यासमोरच्या फरशीवरून दुडकीने नेत होते. मी पाठमोरा होतो, पण टापांचा ठेका चुकतोय हे कानाला कळलं. वळून मान पाहिली. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि धडका पाय टेकताना खाली सोडतो. इथे डावा टेकला की मान वर. संथ चालीत हे लपतं, कडक जमिनीवर दुडकीत लपत नाही.
"साहेब, काल लोळताना मुरगाळला असंल," मामा म्हणाले. मला ते कालचं वाटेना. घोडी सोळा वर्षांची आहे. तिचं तरुणपण पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर आणि हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला गेलं. शर्यतीचे घोडे दुसऱ्या वर्षीच पळू लागतात.

२० जून
माऊलींची पालखी पुण्यात आली. शितोळे सरकारांचे अश्व अंकलीहून आळंदीला पायीच येतात आणि तिथून पुन्हा पंढरपूरपर्यंत चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. सगळे हात जोडून उभे होते आणि मी डांबरावर पडणारे खूर बघत होतो. दोघांच्याही माना स्थिर. मग हात जोडले.

२३ जून
डॉक्टर आले. आधी चिमट्याने खूर चहूबाजूंनी दाबून पाहिला, कारण पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेकदा खुरातूनच निघतं. काजळी शांत. मग खुराच्या वरचा घोट्याचा सांधा मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच पळवायला सांगितलं. लंगडणं दुपटीने वाढलं. खात्रीसाठी खालून वर एकेक भाग बधिर करत गेले. खूर बधिर केल्यावर फरक नाही, घोट्याची संवेदना गेल्यावर मात्र मान सरळ. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट अरुंद झालेली आणि कडांना हाडाची टोकं फुटलेली. संधिवातच.
कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही. "हे बरं करायचं नाही, सांभाळायचं," डॉक्टर म्हणाले. हायलुरॉनिक ॲसिड आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन सांध्यात देता येतं, पण जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून ते राखून ठेवलं.

२ जुलै
घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. तेव्हा पहिलं औषध म्हणजे वजन उतरवणं. चंदी निम्मी करा म्हटल्यावर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच ताटातली भाकरी उचलली. वाळलं गवत पोटभर, हरभरा मोजून. घोट्याची सूज उतरली आहे. दिवसभर बांधून ठेवलं तर सांधा आखडतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ मातीच्या वाटेवर नुसतं चालवणं. पावसाने चिखल झाला की तेही बंद, कारण घसरण तिला परवडणार नाही.

९ ऑगस्ट
नालबंदाने खुराचं पुढचं टोक कापून आखूड केलं आणि नालेचं तोंड गोलसर घासलं. लांब टोकामुळे पाय उचलताना घोट्यावर ताण येतो. दर सहा आठवड्यांनी हे करायचंच. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त गुण नालबंदाचा, आणि सर्वांत कमी पैसे त्यालाच मिळतात.

१४ सप्टेंबर
तबेल्यात एकाने सल्ला दिला : "एक सुई टोचा, तासाभरात पळेल." पळेलच. वेदना कळेनाशी झाली की घोडा दुखऱ्या सांध्यावर पूर्ण भार टाकतो आणि उरलेली कूर्चाही घालवतो. फिनाईलब्युटाझोन हे वेदनाशामक आमच्याकडेही आहे, पण डॉक्टर सांगतील तेवढ्याच दिवसांसाठी. जास्त झालं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.
सुईवाल्याला हेही सांगितलं की जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर २००६ पासून बंदी आहे. ते टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि देशातली गिधाडं संपत आली. त्याने ऐकून घेतलं, पटलेलं दिसलं नाही.

५ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं लागली, वरातींचे दिवस आले. धाकट्या बहिणीचा फोन : "दादा, तुझी काजळी देशील का रे? नवरदेवाला शोभेल." नाही म्हणालो. काजळी आता मातीवर दुडकी काढते, मान हलत नाही; पण डांबर, बँड आणि पाठीवर शेरवानीतला भाचा हे तिच्यासाठी नाही.
बहिणीला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. वरातीचा घोडा ठरवायला जाल तेव्हा इसार देण्याआधी त्याला कडक रस्त्यावर दहा पावलं दुडकीने पळवायला सांगा आणि मान पाहा. मान वरखाली होत असेल, तर तो घोडा घेऊ नका. मालकाकडे दुसरा घोडा मागा, नसला तर नवरदेवाला चालत न्या.