वळूचा दाखला

पडेगावात नाशिक रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचा संकरित गायींचा छोटा गोठा आहे. मी बी.कॉम. झालोय. म्हणजे फॅट-एसएनएफचा हिशेब आणि बँकेचं पासबुक मला कळतं. तान्ह्या पुतण्याच्या रक्ताचा रिपोर्ट घरात आला तेव्हा ‘तू शिकलेला, तूच वाच’ म्हणून तो माझ्या हातात देण्यात आला. त्यात आयटीजीबी-टू, होमोझायगस, सीडी-१८, सीडी-११ असे शब्द होते. मी परत परत वाचलं. एवढंच कळलं की खाली सही करणाऱ्याचं अक्षर चांगलं आहे.

रिपोर्टपर्यंत गोष्ट गेली ती बेंबीवरून. बाळाची नाळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सुकून गळून पडते. आमच्याकडे पाचवी झाली, बारसं झालं, तरी नाळ जागची हलेना. आई हळद आणि खोबरेल लावत होती. शेजारच्या आजींनी चुलीतली राख लावायला सांगितली, ती वहिनीनं लावू दिली नाही, हे फार बरं झालं. महिना उलटला तेव्हा बेंबीभोवती लाल कडं आलं, बाळ तापलं. पण पू कुठंच नव्हता. आई म्हणाली, ‘पू नाही ना, मग जखम चांगली हाय.’ आम्हा सगळ्यांनाच ते पटलं.

सीबीसी ही रक्ततपासणी केली तर पांढऱ्या पेशी ५८,००० निघाल्या. लॅबमधल्या पोरानं मशीनची चूक असेल म्हणून पुन्हा रक्त घेतलं. आकडा तसाच. मग घरात कुणीतरी कॅन्सर हा शब्द उच्चारला आणि त्या रात्री चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका जुन्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाळ तपासलं, बेंबी निरखली आणि दोनच प्रश्न विचारले. नाळ कधी पडली? आणि लग्न नात्यातलं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला दादानं मान डोलावली. वहिनी आमच्या थोरल्या मामाची मुलगी.

रक्ताचा नमुना मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत गेला. ही आयसीएमआरची संस्था. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली आणि आता रक्ताचे आणि प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार शोधते. तिथं फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी झाली. त्यात एकेक पेशी लेसरच्या प्रकाशासमोरून जाते आणि तिच्या अंगावर कोणतं प्रथिन किती आहे ते मोजलं जातं. बाळाच्या पांढऱ्या पेशींवर सीडी-१८ हे प्रथिन दोन टक्क्यांपेक्षाही कमी होतं. त्यानंतर जनुकाची तपासणी झाली आणि मी वर म्हटलेला तो रिपोर्ट आला. आजाराचं नाव ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी, प्रकार पहिला. डॉक्टर ‘लॅड-वन’ म्हणाले. लाखा-लाखांतल्या एखाद्या बाळाला होणारा आजार, असंही म्हणाले. आमच्या वाट्याला तो कसा आला हे मात्र मला तेव्हा अजिबात समजलं नाही.

समजावून सांगितलं ते तिथल्या एका समुपदेशक बाईंनी, फोनवर, न कंटाळता. आयटीजीबी-टू हे एकविसाव्या गुणसूत्रावरचं जनुक. त्यात सीडी-१८ हे प्रथिन बनवण्याची कृती असते. हे प्रथिन सीडी-११ नावाच्या जोडीदाराला धरून पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर उभं राहतं. अशा जोड्यांना इंटिग्रिन म्हणतात आणि त्यांचं मुख्य काम : चिकटणं. कुठं जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या रक्तवाहिनीचं अस्तर खुणा दाखवतं. पांढरी पेशी आधी अस्तरावरून घरंगळते, मग इंटिग्रिननं घट्ट पकड घेते, थांबते आणि भिंतीतून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडते. मी खाम नदीचा पूर पाहिलाय. वाहत जाणाऱ्या माणसाच्या हाताला काठावरचं मूळ लागलं तरच तो बाहेर येतो. आमच्या बाळाच्या पेशींना ते मूळ धरणारा हातच नव्हता. म्हणून त्या रक्तातच फिरत राहिल्या आणि आकडा ५८,००० झाला. सैन्य भरपूर, पण जखमेवर एकही शिपाई नाही. पू म्हणजे बऱ्याच अंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी; त्या तिथं पोचल्याच नाहीत तर पू येणार कुठून? नाळ गळायलाही याच पेशी लागतात. आईला चांगली वाटलेली खूणच सगळ्यांत वाईट होती.

आता ‘कुणाकडून आलं’ हा प्रश्न. आपल्याकडे याचं उत्तर बाळाच्या आईपाशी जाऊन थांबतं, आमच्याकडेही थांबलं होतं. बाईंनी चौकोन आणि गोल काढलेला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. असा माणूस वाहक, पण ठणठणीत. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच आजार. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. रिपोर्टमध्ये दोन्ही प्रतींत अगदी एकच बिघाड होता (‘होमोझायगस’चा अर्थ तोच), म्हणजे तो बहुधा एकाच पूर्वजाकडून दोन वाटांनी आलेला. मी कागदावर बोट फिरवत वर गेलो. दादाकडे तो आईकडून आला, वहिनीकडे थोरल्या मामाकडून, आणि आई नि मामा सख्खे भाऊ-बहीण. दोन्ही रेघा आजोबा-आजीच्या जोडीपाशी मिळाल्या. आईनं बराच वेळ कागद पाहिला आणि विचारलं, ‘म्हंजी माझ्याकडनं बी?’ त्यानंतर वहिनीला कुणी काही बोललं नाही.

आईचा पुढचा प्रश्न मात्र मला लाजवणारा वाटला : गाईच्या दुधातून तर नाही ना आलं? गायी भरवायला येणाऱ्या डॉक्टरांना मी तो घाबरत विचारला. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘दुधातून काही येत नसतं रे. पण जनुकाचं नाव काय म्हणालास?’ मी सांगितलं. ‘अरे, हे तर आमचं ब्लॅड!’

मग गोठ्यातच त्यांनी जे सांगितलं त्यानं मी चक्रावून गेलो. होल्स्टिन गायींमध्ये हाच आजार आहे, हेच जनुक, हेच प्रथिन. अशी वासरं खंगतात, तोंडात व्रण, सारखा न्यूमोनिया, रक्तात पांढऱ्या पेशींचा ढीग. १९५२ साली अमेरिकेत जन्मलेला ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो नावाचा एक वळू वाहक होता. त्याच्या वंशातले वळू दुधाला इतके नावाजले की त्यांच्या रेतमात्रा जगभर गेल्या, आणि सोबत जनुकातलं एक चुकलेलं अक्षरही गेलं. त्या एका अक्षरानं प्रथिनातला १२८ वा घटक बदलतो आणि पकड सुटते. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी ते अक्षर शोधलं तेव्हा अमेरिकेत तपासलेल्या होल्स्टिन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. माणसांत असा एकच ठराविक बिघाड नसतो, बहुतेकदा कुटुंबागणिक वेगळा असतो. बाकी कहाणी तीच : एका पूर्वजाचं रक्त परत परत एकत्र येणं.

आणि यावर उपाय काय केला? तपासणी. भारतातही गोठीत रेतमात्रा बनवण्याची सरकारी मानकं आहेत. त्यांनुसार होल्स्टिन वळूची ब्लॅडसाठी तपासणी झाल्याशिवाय त्याच्या रेताची कांडी विकायला येऊ नये. वाहक वळू बाद. माझ्या गायीला भरलेल्या कांडीमागच्या वळूचा असा दाखला कुठंतरी फाइलीत आहे. दादाच्या लग्नात आम्ही छत्तीस गुण जुळवले, मानपानाच्या साड्या मोजल्या. पडेगावातच मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे; तिथून बोकड घ्यायचा तर आम्ही त्याच्या आईनं किती करडं दिली हे विचारतो. मामाच्या घरी लहानपणी एक मुलगा ‘बेंबी चिघळून’ गेला होता, हे मात्र आम्हाला बाळ आजारी पडल्यावर कळलं.

बाळ सध्या प्रतिजैविकांवर आहे. कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी देणं, अस्थिमज्जा प्रत्यारोपण. परदेशात बाळाच्याच मूळ पेशींत धड जनुक घालण्याची चाचणी ९ मुलांवर झाली आणि सगळी वर्षभरानंतरही जिवंत होती, दुसऱ्याच्या पेशींच्या प्रत्यारोपणाशिवाय. पण तो उपचार आमच्या आवाक्यातला नाही. आमची आशा थोरल्या पुतणीवर आहे. तिच्या पेशी भावाशी जुळल्या आहेत. ती स्वतः वाहक निघाली, तरी वाहक दाता चालतो असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

मीही वाहक निघालो. घरातला नेमका बिघाड माहीत असला की तेवढीच जागा तपासायची असते, त्यामुळे ही तपासणी सोपी. अडचण पुढं आली. माझ्यासाठी धाकट्या मामाची मुलगी बोलण्यात आहे. मी म्हटलं, तिचीही तपासणी करू. घरात वादळ उठलं : पोरीला तपासायचं म्हणजे तिच्यात खोट आहे असं गावभर होणार. मी माझा रिपोर्ट मामांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, खोट माझ्यात आहे, आता पुढचं बोला. अजून बोलणं चालूच आहे. ती वाहक नसेल तर आमच्या मुलांना हा आजार होणार नाही. असेल तर हे लग्न करू नये, असं माझं मत झालंय. लग्न झालंच तर गरोदरपणात गर्भाची तपासणी होऊ शकते, पण तिथवर कुणाला का न्यायचं?

ज्यांच्या घरी नात्यातली सोयरीक ठरतेय त्यांनी आधी एवढं विचारावं : दोन्हीकडे लहान लेकरं कशानं गेली? उत्तरात संशय आला तर जनुक-समुपदेशकाला भेटा आणि तपासणी मुलाचीही करा, एकट्या मुलीची नको. नाळ उशिरा पडणाऱ्या बहुतेक बाळांना काहीच झालेलं नसतं, हे खरं आहे. तरीही तीन-चार आठवडे झाले, नाळ तशीच आहे आणि बेंबी लाल दिसतेय, तर हळद-खोबरेल बाजूला ठेवून बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि सीबीसी करून घ्या.