देवगिरीची अंधारी

इतिहास शिकवितांना इ. स. १२९६ हा सन आम्हीं मुलांकडून किती वेळां घोकून घेतला असेल! देवगिरीचें दर्शन मात्र यंदाच घडलें. चोहोंकडून तासलेला उभा कडा, पायथ्याशीं खडकांत खोदलेला खोल खंदक आणि वर जाण्यास 'अंधारी' हा मूळचा एकच काळोखा भुयारी मार्ग. चांचपडत चढतांना मनांत आलें, असा दुर्ग शत्रूपुढें नमलाच कसा?

अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां यादवांचें मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर दूर गेलें होतें. रामदेवराव गडावर कोंडला गेला. आणि धान्याच्या समजून घाईनें वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालें, असें फिरिस्ता सांगतो. अखेर जबर खंडणी देऊन तह करावा लागला.

याच यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि. 'चतुर्वर्गचिंतामणी'त त्यानें व्रतांचा व दानांचा केवढा सूक्ष्म विचार केला! त्या ग्रंथाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु गोणीचें तोंड सोडून पाहणारा एकही माणूस त्या दिवशीं निघाला नाहीं.

आम्हीं मुलांना सन तेवढा दिला, गोणीची गोष्ट कधीं सांगितली नाहीं. ही चुटपुट मनांत घेऊनच गड उतरलों.