इशानंतरची पंचवीस मिनिटं

अब्बांच्या पायाला चप्पल चावली होती. मधुमेहानं पायांची जाणीव कमी होते, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. जखम चिघळली आणि शेवटी एक बोट काढावं लागलं. आम्ही दोघं खूप रडलो, पण स्वतःची तपासणी मात्र केली नाही.

गेल्या वर्षी ती केली. एचबीएवनसी साडेसहा किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह समजतात. आमचे दोघांचेही आकडे ८ च्या पुढे होते.

डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करता?" आम्ही ऐटीत म्हणालो, "पाच वक्त नमाज पढतो की!" ते हसले. "जरूर पढा. पण ती इबादत आहे. तिच्यावर व्यायामाचं काम कशाला टाकता?" चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, शरीर इन्सुलिनला चांगली साथ देतं, हे त्यांनी समजावलं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायला सांगितलं.

पूर्वी आम्ही जेवलो की आडवे व्हायचो. आता इशाआधी जेवण, नमाजनंतर पंचवीस मिनिटं चालणं, आठवड्यातून सहा दिवस. मोहल्ल्यात पहिल्यांदा शेजारच्या खाला हसल्या. आता त्याही सोबत येतात.

योगासनांबद्दल मनात किंतु होता. सूर्याला नमन आणि मंत्र आमच्या अकीद्यात बसत नाहीत, ते आम्ही सोडले. पण ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन करायला काय हरकत? वज्रासन तर अत्तहियातच्या बैठकीच्या जवळचंच. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडल्या नाहीत.

एकदा अस्रनंतर उपाशीपोटी चालायला गेलो. घाम फुटला, हात कापू लागले. साखर ७० च्या खाली गेली होती. तेव्हापासून खिशात साखरेची पुडी असते. रोज्यात मगरिबआधी जोराचा व्यायाम टाळतो, आणि गोळ्यांच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घेतो.

आता एकाचा आकडा ७ च्या खाली आलाय, दुसऱ्याचा अजून साडेसात आहे. वाट बाकी आहे.

रात्री परतलो की अब्बा ओट्यावर बसलेले असतात. म्हणतात, "चपला काढा, तळवे दाखवा." चष्मा लावून एकेक बोट तपासतात, आणि मग हळूच म्हणतात, "अलहम्दुलिल्लाह. अमानत आहे, सांभाळा."