घर बांधायचं, पण कुणाच्या जागेवर?

मुंब्र्याच्या कौसा भागात आम्ही १२ वर्षांपासून भाड्यानं राहतो. एवढ्या काळात चार घरं बदलली. दर ११ महिन्यांनी नवा करार, घर बदललं की दलालाला एक महिन्याचं भाडं, आणि सामान हलवताना काही ना काही मोडतंच. यंदा घरमालकानं ११ हजारांचे १२ हजार मागितले, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आता पुरे. डिसेंबरच्या सुट्टीत गावी जायचं आणि अब्बांच्या जागेवर घर बांधायचं पक्कं करूनच परतायचं.

इथंच विकत का घेत नाही, असं नातेवाईक विचारतात. पाहिली होती घरं. परवडणाऱ्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तो दिवस मुंब्र्यातला कोणी विसरलेला नाही. ज्यांचे कागद नीट, त्यांची किंमत कर्जाशिवाय झेपत नाही, आणि कर्ज म्हटलं की व्याज आलं. दुसऱ्या वस्तीत भाड्यानं घर शोधावं, तर नाव सांगताच ते घर ‘कालच गेलेलं’ असतं. एका दलालानं हेवी डिपॉझिटचा मार्ग सांगितला: पाच लाख ठेवा, भाडं शून्य, जाताना पाच लाख परत. मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “परत मिळणारी रक्कम म्हणजे कर्जच झालं. कर्जाच्या बदल्यात फुकट घर वापरणं अनेक उलेमांना मान्य नाही.” तोही मार्ग बंद झाला.

फज्रची नमाज पढून दिवा स्टेशन गाठलं. मुंब्र्याच्या पुढचंच स्टेशन. सावंतवाडीच्या पॅसेंजरमध्ये मुलांना खिडकी मिळाली. पनवेल, पेण, रोहा करत माणगावला उतरलो. तिथून एसटीनं मोर्ब्याच्या रस्त्यानं घाट ओलांडून म्हसळा, आणि पुढे श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं गाव.

गावात शिरताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची घरं दिसतात. काही जुनी, कौलारू, पुढं पडवी आणि मागं विहीर. काही आखाती देशांतल्या पैशांवर उभी राहिलेली, रंगीत, दुमजली आणि कुलूपबंद. मुलीनं मोजली, आमच्या मोहल्ल्यात नऊ घरांना कुलूप. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं या भागातल्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पुन्हा लावलेली रोपं काही ठिकाणी अजून माणसाच्या उंचीचीच आहेत.

चाचांनी आनंदानं स्वागत केलं. चाचींनी सांदणं केली होती. दुपारी गवंडी आला, चुन्याची फक्की टाकून त्यानं आखणी करून दाखवली. ७०० चौरस फुटांचं घर, चौरस फुटाला १,८०० रुपये, म्हणजे १२ लाख ६० हजार. आमची शिल्लक सहा लाख. चाचा म्हणाले, “जोतं तर घाला, बाकीचं अल्लाह बघेल.” मुलं त्या पांढऱ्या रेघांमध्ये आपापली खोली ठरवून भांडूही लागली.

ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा घेतला. त्यावर दोनच नावं होती, अब्बा आणि चाचा. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा. मालकीचा निवाडा त्यानं होत नाही. पण त्या दोन नावांकडे पाहून आम्हांला पहिल्यांदाच प्रश्न पडला: दादांना तर चार मुलं होती, मग दोन्ही फूफींची नावं कुठं गेली?

“त्यांनी केव्हाच सोडलं,” चाचा म्हणाले.

“कागद आहे का?”

“बहिणी कागद करतात होय?” चाचांचा आवाज चढला. त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

थोरल्या फूफी हयात नाहीत, त्यांची मुलं पुण्यात असतात. धाकट्या फूफी म्हसळ्याला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. फूफा गेल्यापासून त्या एका भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, घरमालक दुरुस्ती करत नाही, आणि दर वर्षी खोली सोडावी लागेल की काय ही धास्ती. हे सगळं त्या चहा ओतता ओतता सांगत होत्या. आमचीच गोष्ट, फक्त वय ७० चं.

भीत भीत जागेचं विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी सोडलं असं म्हणाले नाही रे. मला कोणी विचारलंच नाही. मागितलं असतं, तर माहेर तुटलं असतं.”

आम्ही परत येऊन हिशेब मांडला. दादी आधीच वारल्या होत्या, त्यामुळे वारस दोन मुलगे आणि दोन मुली. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. जागा सहा गुंठे. अब्बांचे दोन, चाचांचे दोन, फूफींचा एकेक. अब्बांच्या दोन गुंठ्यांतही अम्मी आणि आपा वारस आहेत, हेही आम्ही तोवर सोयीनं विसरलो होतो. चाचांना बोल लावण्याचं तोंड आम्हांला उरलं नाही.

मदीनेत आल्यावर पैगंबर (स.) काही महिने हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी राहिले. मशिदीसाठी निवडलेली जागा दोन अनाथ मुलांची होती. ती फुकट देऊ केली गेली, तरी त्यांनी मोबदला देऊनच घेतली. मशिदीची जागासुद्धा मोल दिल्याशिवाय घेतली नाही, तिथं आमचं ७०० चौरस फुटांचं घर ते काय!

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. निघायच्या दिवशी फज्रनंतर मशिदीच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, “मोजणीचा अर्ज कुठं करायचा, ते बघून ठेव.”

आता ठरलंय ते असं. आधी मोजणी आणि सगळ्या वारसांची नोंद. मग फूफींना आणि थोरल्या फूफींच्या मुलांना जागा हवी की तिची किंमत, ते त्यांनीच सांगायचं. त्यांच्यावर भीड घालायची नाही. अम्मी आणि आपालाही तसंच विचारायचं. शिलकेतली रक्कम लागली तर लागू दे. म्हसळ्याच्या फूफींना फोन करून हे कळवलं. आम्हांला वाटलं, त्या ‘नको रे बाबा’ म्हणतील. त्या म्हणाल्या, “माझा गुंठा माझ्या नावावर करा. काय करायचं ते मी बघेन.” ऐकून बरं वाटलं.

वाचकांपैकी कोणी गावी घर बांधायच्या विचारात असेल, तर गवंड्याआधी घरातल्या मुलींना भेटा. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. आणि ‘तिनं सोडलं’ असं कोणी म्हणालं, तर ते तिच्याच तोंडून, तिला एकटीला विचारून ऐका.

मुंब्र्याला परतल्यावर १२ हजारांच्या करारावर सही केली. आणखी ११ महिने भाड्याच्या घरात. मुलानं विचारलं, “आपल्या त्या रेघा पुसल्या जातील ना?” पहिल्याच पावसात पुसल्या जातील. पुन्हा ओढू, इन्शाअल्लाह. या वेळी आपल्याच हद्दीत.