साबरमतीच्या तीरी

अहमदाबाद शहरात साबरमती नदीच्या पश्चिम तीरावर सत्याग्रहाश्रमाची जागा आहे. एका अंगास कारागृह आणि दुसऱ्या अंगास स्मशान, अशी ही भूमी; १९१७ साली महात्माजींचा आश्रम येथे आला. दधीचि ऋषींचा आश्रम याच परिसरात होता अशी लोकश्रद्धा असल्यामुळे, देवकार्यास्तव स्वेच्छेने स्वतःच्या अस्थि देणाऱ्या त्या महात्म्याचे स्मरण येथे सहजच होते. नदीचे काठ आता बांधून काढलेले आहेत व तिच्या पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी खेळते. विनोबा, काकासाहेब कालेलकर, प्रार्थनेस स्वर देणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे इत्यादि मंडळी येथे राहून गेल्यामुळे महाराष्ट्रीय यात्रेकरूस हे स्थळ परके वाटत नाही.

येथे येणारा प्रवासी बहुधा १२ मार्च १९३० रोजी निघालेल्या दांडीयात्रेची आठवण मनात घेऊन परततो. आमचे मन मात्र १९२८ सालच्या एका लहानशा प्रसंगापाशी घोटाळत राहिले. आश्रमातील एक वासरू अपंग होऊन पडले. उपचार झाले, परंतु गुण येईना. त्यास कूस बदलता येईना, अन्न घेता येईना. माश्या मात्र त्रास देत. गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय केला. जो प्राण आपणांस देता येत नाही तो घेण्याचा अधिकार आपणांस कोठून, असा आक्षेप निघाला. अखेर डॉक्टरांकरवी विषाची सुई देवविण्यात आली. गांधीजी स्वतः जवळ उभे होते. दोन मिनिटांच्या आत सर्व आटोपले. त्यांनी ही हकीकत आपल्या पत्रांतून प्रसिद्ध करताच संतप्त पत्रांचा वर्षाव झाला.

हा प्रसंग आम्हांस इतका लागून राहण्यास कारण होते. आमची ज्येष्ठ कन्या अहमदाबादेस नांदते. तिच्या घरची मांजर मनी सतरा वर्षांची होऊन मूत्रपिंडाच्या विकाराने जर्जर झाली होती. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार पुष्कळ आढळतो. निकामी झालेला भाग पुनः सुधारत नाही. कातडीखाली सलाईन देऊन काही महिने निभावले होते. पुढे अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, आणि अंग चाटून स्वच्छ ठेवणारे ते जनावर मळकट केसांनी कपाटामागे पडून राहू लागले. मांजर आपली वेदना लपविते. ते ओरडत नाही एवढ्यावरून त्यास दुःख नाही असे मानू नये.

आश्रमाच्या आवारात कन्या आम्हांस म्हणाली, “अप्पा, जिला मी हातानं भरवलं, तिला सुई द्या असं मीच कसं सांगू?” आम्ही म्हणालो, “बाळ, तुझं दुःख आणि तिचं दुःख वेगवेगळं मोजून बघ.”

वासराच्या प्रकरणानंतर गांधीजींनी अशा कृत्यास चार अटी घातल्या होत्या. रोग असाध्य असावा. संबंधित सर्वांची आशा सुटलेली असावी. सेवेचा व उपायाचा काही उपयोग उरलेला नसावा. आणि त्या जिवास स्वतःची इच्छा सांगणे अशक्य असावे. या अटींत आपल्या जागरणास, खर्चास वा किळसेस कोठेही स्थान नाही. त्याचप्रमाणे आपणांस वियोग सोसवत नाही, यासही नाही. घाई आणि दिरंगाई या दोहोंच्या मुळाशी पुष्कळदा आपलाच स्वार्थ असतो.

घरी आल्यावर कन्येने दिनदर्शिकेवर रोज खूण करण्यास आरंभ केला. मनीने चार घास खाल्ले, अंग चाटले, खिडकीतल्या उन्हास आली, की बरोबरची खूण, नाहीतर फुली. पहिल्या आठवड्यात दोन्ही खुणा मिसळलेल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात ओळीने पाच फुल्या पडल्या आणि पशुवैद्यानेही आशा सोडली. तेव्हा त्यासच घरी बोलाविले. त्याने आधी गुंगीचे औषध दिले. कन्येच्या मांडीवर मनी गाढ झोपल्यानंतरच दुसरी सुई दिली. त्या रात्री कन्या जेवली नाही. परंतु आपण उगाच घाई केली, असेही ती म्हणाली नाही.

कोणी म्हणतील, कर्मभोग ज्याचा त्याने भोगावा. ही श्रद्धा बाळगून जे अखेरपर्यंत रात्रंदिवस शुश्रूषा करितात, त्यांजविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु शुश्रूषेने यातना उणी होत नसेल, तर केवळ हात जोडून पाहत बसणे म्हणजे अहिंसा, असे आम्हांस वाटत नाही. दधीचींस देवांनी विचारले व त्यांनी रुकार दिला. मुक्या जिवास विचारण्याची सोय नाही. म्हणूनच ज्याने त्यास पाळले, त्याने त्याच्या वतीने उत्तर द्यावयाचे असते. आणि ते देण्यापूर्वी आपण कोणाचे दुःख संपवीत आहोत, हे स्वतःस निष्ठुरपणे विचारावयाचे असते.