पवनीच्या खांबावरचं नाव

बुद्धपौर्णिमेला सकाळीच नागपूरहून एसटी धरली. उमरेड गेलं, मिरच्यांचं भिवापूर गेलं आणि ऊन तापायच्या आत पवनीत पोचलो. गावाआधी दिसला तो मातीचा जुना तट. तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. वैशाखातली नदी पात्रात आखडून गेली होती. वाळूत डबकी साचलेली आणि घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडलेल्या.

देवळं आणि घाट यांच्यामुळे पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. पण या गावाची मुळं देवळांच्याही खाली, फार खोल गेली आहेत. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी यांच्या पोटात इसवीसनापूर्वीचे स्तूप निघाले. चांडकापूरचा स्तूप तर घेराने सांचीच्या महास्तूपाहूनही मोठा.

स्तूपाच्या कठड्याचे कोरीव खांब आता संग्रहालयांत आहेत. एका खांबावर फणा उभारलेला नागराज आहे आणि शेजारी ब्राह्मीत त्याचं नाव, मुचलिंद. बोधिप्राप्तीनंतर वादळपाऊस आला, तेव्हा या नागाने बुद्धावर फणा धरला अशी कथा आहे. त्या शिल्पात बुद्ध माणसाच्या रूपात नाही, फक्त रिकामं आसन आहे. दुसऱ्या खांबावर विसमिता नावाच्या प्रव्रजितेचं दान नोंदलेलं आहे. सर्व प्राण्यांना सुख लाभो, एवढीच तिची इच्छा. ती राणी नव्हती. खांबाला हातभार लावणारी एक भिक्षुणी, पण तिचं नाव दगडात कोरलं गेलं आणि दोन हजार वर्षांनी मला वाचता आलं.

टेकडीवर उभा असताना मला दुसरी एक बुद्धपौर्णिमा आठवली. ११ मे १९९८. त्या दुपारी पोखरणच्या वाळूखाली आपण अणुस्फोट केले, दोन दिवसांनी आणखी केले. त्याआधी १८ मे १९७४ रोजी तिथेच झालेली पहिली चाचणी ‘स्मायलिंग बुद्धा’ म्हणून ओळखली जाते. तिचं प्लुटोनियम आपल्याच मुंबईत, तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीत तयार झालं होतं. ज्याच्या नावाने विसमिता साऱ्या जिवांचं सुख मागते, त्याचंच नाव बॉम्बला मिळालं. ते मला त्या टेकडीवर फार बोचलं.

पोखरणच्या चाचणीक्षेत्राला खेटून खेतोलाई गाव आहे. १९९८ मध्ये गावकऱ्यांना घराबाहेर थांबायला सांगितलं गेलं. जमीन हादरली, भिंतींना आणि टाक्यांना तडे गेले. तेव्हापासून हे लोक कॅन्सरबद्दल आणि जनावरांच्या व्यंगांबद्दल बोलत आले आहेत. किरणोत्सर्ग बाहेर पडलाच नाही, असं सरकार म्हणत आलं आहे. अशा वेळी घरोघरी जाऊन, गावकऱ्यांना विश्वासात घेऊन, स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासणी करावी आणि निष्कर्ष सर्वांसमोर ठेवावेत. किरणोत्सर्ग खरंच नसेल तर गावाची भीती जाईल. असेल तर उपचार आणि भरपाई हा त्यांचा हक्क आहे.

दुपारी पवनी तालुक्यातल्याच रुयाडला गेलो. जपानी बौद्धांच्या मदतीने उभा राहिलेला तिथला महास्तूप पांढऱ्या उन्हात डोळे दिपवत होता. प्रदक्षिणा घालताना जपानचीच एक बोट डोळ्यांपुढे आली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हिरोशिमाच्या सुमारे हजारपट ताकदीचा बॉम्ब फोडला. त्याची राख ‘लकी ड्रॅगन’ या मासेमारी बोटीतल्या २३ जणांवर पडली. त्यांच्यातले आयकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. राँगेलाप बेटावरच्या लोकांवरही तीच राख पडली आणि मुलं त्या राखेत खेळली. महिन्याभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्या बेटांच्या बाजूने उठलेल्या पहिल्या आवाजांत आपला आवाज होता.

बिकिनी आणि राँगेलाप ज्यांत येतात त्या मार्शल बेटांवर १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या झाल्या. भरपाईसाठी नेमलेल्या लवादाने दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, पण त्याच्या तिजोरीत तेवढा पैसाच नव्हता. २०१४ मध्ये याच छोट्या देशाने अण्वस्त्रधारी देशांना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, त्यात भारतही होता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर खटला निकाली निघाला. अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या चाचणीग्रस्तांसाठी भरपाईचा कायदा केला. पण १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत झालेल्या जगातल्या पहिल्याच अणुस्फोटाची झळ बसलेल्यांना त्यात जागा मिळायला २०२५ उजाडलं. ऐंशी वर्षं! तोवर किती माणसं गेली असतील.

परतताना रस्त्यालगतच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवरच्या आजी म्हणाल्या, “कोणतं गाव जी तुमचं?” मी सांगितलं आणि उलट त्यांना विचारलं. त्यांनी धरणाच्या दिशेला हात केला. “आमचं गाव त्या पाण्यात गेलं जी. यादीत नाव चढवाले लय चकरा माराव्या लागल्या.”

ते पाणी गोसेखुर्द धरणाचं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केलेलं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झालेलं. धरण आणि बॉम्ब एक नव्हेत. धरणाचं पाणी शेताला मिळतं, बॉम्बची राख कुणालाच काही देत नाही. तरी आजींचं वाक्य ऐकताच खेतोलाई, राँगेलाप आणि न्यू मेक्सिको मला एका रांगेत उभे दिसले. ‘देशासाठी’ म्हणून ज्यांच्याकडून घेतलं जातं, त्यांना आधी आपण आहोत हेच सिद्ध करत बसावं लागतं. नाव यादीत चढल्याशिवाय उपचार नाही, पैसा नाही, माफीही नाही.

२०२१ मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्रबंदी कराराने चाचणीग्रस्तांना मदत करणं आणि दूषित जमीन सावरणं ही सदस्य देशांची जबाबदारी ठरवली. भारत त्यात नाही. करारावर सही होईल तेव्हा होवो, खेतोलाईच्या दारात डॉक्टर पाठवायला कुणाची सही लागत नाही.

आजींनी चहाचे पैसे मोजून घेतले आणि पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून दाखवला. घड्यांवर फाटत आलेला, पण नावावरचं प्लास्टिक पुसून पुसून स्वच्छ ठेवलेलं. त्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे पाहा, मी.”