देवदूतांच्या सहवासातील एक तास

आयुष्याच्या उत्तरार्धात माणसाने काय वाचावे, याविषयी आपल्याकडे मते ठरलेली असतात. दासबोध वाचावा, ज्ञानेश्वरीचे पारायण करावे, फार तर संतचरित्रे आणि प्रवासवर्णने वाचावीत. या यादीशी माझे भांडण नाही. माझ्या उशाशी आजही ज्ञानेश्वरी असते. परंतु गेली तीन वर्षे तिच्या शेजारी एक कादंबरीमालिकाही आहे. तिच्यात पंख असलेले देवदूत आहेत, रक्तावर जगणारे व्हॅम्पायर आहेत आणि भरपूर प्रेमही आहे. माझे वय सदुसष्ट. घरी एक्क्याण्णव वर्षांची आई, तिला स्मृतिभ्रंश. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेच एखादे माणूस असेल. त्याची अहोरात्र काळजी घेणाऱ्याने स्वतःचे मन कोठे विसावू द्यावे, या प्रश्नाशी ही कादंबऱ्यांची गोष्ट जोडलेली आहे, म्हणून ती आपल्याला सांगत आहे.

मालिकेचे नाव ‘गिल्ड हंटर’. लेखिका नलिनी सिंग या भारतीय वंशाच्या. जन्म फिजीतला, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. पहिली कादंबरी ‘एंजल्स ब्लड’ २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर पुस्तकांची रांगच लागली. कथा घडते ती आजच्याच जगात. रस्त्यावर मोटारी आहेत, हातात मोबाइल आहेत. फक्त सत्ता माणसांच्या हाती नाही. दहा महादेवदूतांनी पृथ्वी वाटून घेतली आहे. न्यूयॉर्कवर राफाएलचे राज्य, तर भारतावर सर्प आणि विष यांची स्वामिनी असलेल्या नेहाचे. देवदूतांच्या शरीरात काळाने एक विष साचते. ते त्यांनी निवडक माणसांना दिले, की त्या माणसांचे व्हॅम्पायर होतात. त्यांना दीर्घायुष्य मिळते, परंतु त्याची किंमत म्हणून शंभर वर्षे देवदूतांची चाकरी करावी लागते. करार मोडून पळालेल्या व्हॅम्पायरांना शोधून आणणारी एलेना ही मानवी स्त्री या मालिकेची नायिका. ती आणि राफाएल यांची प्रेमकथा हा तिचा कणा.

हे सारे ऐकून आपण हसाल. पण अमरत्वाचे ओझे आपल्याला कोठे नवे आहे? सात चिरंजीवांपैकी अश्वत्थाम्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत फिरतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंभ्याच्या शिखरावर आजही दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते. न संपणारे आयुष्य हे वरदान की शाप, हा प्रश्न आपल्या आजीने चुलीपुढे बसून विचारलेलाच आहे. नलिनी सिंग तोच प्रश्न न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींमध्ये नेऊन विचारतात, एवढेच.

भाचीने माझ्या ई-रीडरवर ही पुस्तके घालून दिली तेव्हा मी ती केवळ तिच्या आग्रहाखातर उघडली. दुपारी जेवणानंतर आई झोपते. तो तास-सव्वा तास माझा. त्या वेळेत गंभीर साहित्य वाचण्याइतके चित्त स्थिर राहत नसे. कान दुसऱ्या खोलीकडे लागलेला असे, आणि तीन पाने वाचावीत तोच हाक येई. मालिकेचा मोठा गुण येथे लक्षात आला. माणसे ओळखीची, घरे ओळखीची. कोठेही थांबावे आणि कोठूनही पुन्हा शिरावे. दुसरा गुण त्याहून मोलाचा. प्रेमकथेत अखेर सारे बरे होणार, याची हमी असते. शुश्रूषा करणाऱ्याच्या दिवसाला अशी हमी कोणी देत नाही. उद्या आई मला ओळखेल की नाही, हे मला ठाऊक नसते. अशा वेळी शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत तासभर बसणे ही चैन नव्हे, ती विश्रांती आहे.

पण केवळ विश्रांतीच मिळाली असती तर हा लेख लिहिला नसता. दुसऱ्या कादंबरीपासून, म्हणजे ‘आर्चेंजल्स किस’पासून, मला त्या पानांत आमचेच घर दिसू लागले. पहिल्या भागाच्या अखेरीस मरणाच्या दारी पोचलेली एलेना स्वतः देवदूत होते, आणि वर्षभराच्या बेशुद्धीनंतर जागी होते. पाठीला पंख आहेत, पण त्यांचे वजन पेलण्याचे बळ अंगात नाही. ही एके काळची चपळ शिकारी; आता उभे राहणे, तोल सावरणे, पंख जमिनीवर न फरफटवता चालणे, हे सारे तिला पुन्हा शिकावे लागते. शिक्षक कठोर, प्रगती मुंगीच्या पावलांची, आणि तिला घाई! त्या सुमारास आईचे खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. वॉकर धरून ती दोन पावले टाकी आणि फिजिओथेरपिस्टवर रागावे. पंखांचे ओझे वाहणारी एलेना आणि वॉकर धरलेली आई या दोघी माझ्या मनात एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या. नव्या शरीराशी जुळवून घेताना येणारा राग हा हट्टीपणा नसतो; आपण पूर्वी कोण होतो, हे लक्षात असल्याची ती खूण असते. स्मृती विरत चाललेल्या आईलाही आपण भरभर चालत होतो, हे त्या दिवशी आठवत होते.

या मालिकेतील माझी सर्वांत लाडकी व्यक्तिरेखा मात्र शरीन. तिला सारे ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. ती थोर चित्रकार. निळ्या पंखांच्या इलियमची आई. जोडीदाराने सोडून दीर्घ निद्रेत जाण्याचा मार्ग पत्करल्यावर तिचे मन भंगते. भूतकाळ आणि वर्तमान तिच्यात मिसळून जातात. कधी ती पूर्ण भानावर असते, कधी कोठेतरी दूर. मुलगा शतकानुशतके तिच्याकडे येत राहतो. तिची कला मात्र तिला सोडून जात नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आईने पस्तीस वर्षे शिवणाचे वर्ग चालवले. आज तिला माझे नाव सापडत नाही. परंतु बटणांचा डबा पुढे ठेवला की ती दोन भोकांची, चार भोकांची, सदऱ्याची, परकराची अशी बटणे वेगळी करते. कापड हाती दिले की बोटे आपोआप दुमड घालतात. स्मृतिभ्रंशात नावे आणि प्रसंग लवकर निसटतात, पण हातांना वळण पडलेली कामे अनेकदा बराच काळ टिकून राहतात. आपल्या घरातील माणसाच्या हातांना काय आठवते, याचा शोध घेऊन पाहावा. त्या कामाचा उपयोग काय, हे विचारू नये.

शरीनची पुढची कथा २०२० मध्ये आलेल्या ‘आर्चेंजल्स सन’ या भागात आहे. तेथे ती धुक्यातून बाहेर येऊ लागलेली असते. टायटस या महादेवदूताच्या मदतीला ती आफ्रिकेत जाते. नाजूक, हळुवार, काचेसारखी बाई येणार, अशी त्याची समजूत. येते ती धारदार जिभेची, कामाला वाघ असलेली स्त्री. वर्षानुवर्षे सगळ्यांनी आपल्याला फुलासारखे जपले, पण कोणी आपले म्हणणे ऐकले नाही, हा तिचा राग आहे. आपल्या घरांकडे जरा पाहा. आजींच्या समोरच आपण डॉक्टरांना सांगतो, “यांना काही कळत नाही.” भाजी कोणती करावी, साडी कोणती नेसावी, हेही परस्पर ठरवून टाकतो. प्रेमापोटीच, हे खरे. पण त्या प्रेमात माणूस पुसला जातो. शरीन वाचल्यापासून मी आईपुढे रोज दोन साड्या धरते आणि थांबते. कधी उत्तर मिळते, कधी नाही. थांबणे मात्र सोडलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शरीन बरी होते. अल्झायमरसारख्या आजाराने गेलेली स्मृती अशी परत येत नाही. कादंबरीतील औषध आपल्या घरात शोधू नये. त्या वाटेने आशेपेक्षा निराशाच अधिक पदरी पडते. मी शरीनकडून बरे होण्याचे वचन घेतले नाही. आजारी मन हे संपलेले मन नव्हे, एवढेच घेतले.

आता त्या दीर्घ निद्रेविषयी. या जगातील अतिप्राचीन देवदूत जगण्याला कंटाळले, की शतकानुशतके झोपी जातात. राफाएलची आई कॅलियन अशीच झोपलेली असते आणि एका भागात जागी होते. हे वाचताना मला आपल्या वृद्धांच्या तोंडचे वाक्य आठवले: “आता देवाने उचलावे.” आपण ते हसण्यावारी नेतो, किंवा “असे बोलू नये” म्हणून दटावतो. कधी ते केवळ थकव्याचे उद्गार असतात. परंतु तेच वाक्य वारंवार येऊ लागले, जोडीला जेवण कमी झाले, झोप उडाली, आवडत्या गोष्टींतून मन उडाले, तर ते वार्धक्य म्हणून सोडून देऊ नये. उतारवयातील नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि हाच विचार काळजी घेणाऱ्याच्याही मनात डोकावू लागला, तर त्यानेही लाजू नये, एकटे राहू नये.

आणखी एका संकोचाविषयी लिहावेसे वाटते. “या वयात प्रेमकथा?” असे मला विचारले गेले आहे. या मालिकेत राफाएल हजार वर्षांहून अधिक वयाचा आहे. शरीन त्याच्याहूनही कितीतरी मोठी. तिच्या प्रेमाला कोणी ‘या वयात’ म्हणत नाही. प्रेमाची आणि स्पर्शाची भूक वयाबरोबर संपत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असते. आपण ते बोलत नाही. डोक्याला तेल लावताना आईचे मिटणारे डोळे मी पाहिले आहेत. औषधे देणारे हात आणि मायेने फिरणारे हात यांतला फरक तिला अजून कळतो. मात्र सावध करते: या पुस्तकांत रक्तपात भरपूर आहे आणि प्रणयप्रसंग उघड आहेत. ज्यांना ते मानवणार नाही त्यांनी आपल्या आवडीची दुसरी मालिका निवडावी. रहस्यकथा चालेल, ऐतिहासिक कादंबऱ्याही चालतील. मुद्दा देवदूतांचा नाही, रोज भेटणाऱ्या ओळखीच्या जगाचा आहे.

वाचनाच्या लाभाविषयी एक अभ्यास उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी ३,६३५ प्रौढ आणि वृद्ध व्यक्तींच्या माहितीवरून २०१६ मध्ये मांडले, की पुस्तके वाचणाऱ्यांचे आयुष्य न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ महिन्यांनी अधिक आढळले. हे केवळ निरीक्षण आहे. पुस्तकांमुळेच आयुष्य वाढते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण मिळालेली वर्षे कशी घालवावीत, याचे एक उत्तर त्यात निश्चित आहे.

काही व्यवहाराच्या सूचना. ई-रीडरवर अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात आणि जाड पुस्तकाचे वजन दुखऱ्या मनगटावर येत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी सुमारे २० फुटांवर नजर टाकावी. अक्षरे धूसर दिसू लागली तर वाचन न सोडता मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. डोळे साथ देत नसतील तर ध्वनिपुस्तके आहेत. रवा भाजतानाही ती ऐकता येतात. रात्री मात्र ‘आणखी एकच प्रकरण’ या मोहापासून सांभाळावे. प्रकरणाचा शेवट नेहमी उत्कंठेचा असतो. मी प्रकरणाच्या मध्यावर थांबते, झोप लवकर लागते.

आणि शेवटचे. आपला तास घरातल्या सर्वांना सांगून घ्या, चोरून घेऊ नका. “दोन ते तीन मी वाचते, तोवर आईकडे तू पाहा,” असे एकदा स्पष्ट सांगितले की घर हळूहळू त्या तासाभोवती आपली घडी बसवते. आमच्याकडे रविवारी तो तास भाऊ सांभाळतो. त्या वेळी तो आणि आई मिळून बटणे निवडतात, आणि दोघांत मोठा वाद चालतो, की काळे बटण कोणत्या ढिगात जावे. वाद बहुधा आईच जिंकते.